दाजी म्हणतात, पंप ठणठणीत आहे

किल्ली पहिल्या खाचेवर आणली, की इंजिन सुरू होण्याआधी आमच्या ट्रकचा इंधनपंप पाच सेकंद वाजतो. पहिले दोन सेकंद नुसती जाड घरघर असते. तिसऱ्या सेकंदाला तिच्यावर एक बारीक शिट्टी चढते, ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासावी तशी, आणि पाचव्याला दोन्ही आवाज एकदम तुटतात. महिन्यापूर्वी घरघर होती, शिट्टी नव्हती.

दाजी ट्रकखाली उताणे पडले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाला टेकवून त्याची मूठ त्यांनी कानामागच्या हाडाला लावली होती. आवाज थांबला तसे ते सरपटत बाहेर आले आणि उठून बसले.

"पंप ठणठणीत आहे."

"आणि शिट्टी?" मी विचारले.

"कसली शिट्टी?"

"बारीक. वरच्या पट्टीतली."

"मेहुणीबाई, तुमच्या प्रयोगशाळेत माणसं दिवसभर गप्प बसतात. त्याने कान आपोआप वाजायला लागतात. जरा भांडत जा कुणाशी तरी."

"त्यासाठीच तर इथे येते."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षे ते हे गॅरेज चालवतात, आणि सुट्या भागांची मांडणी ताई सांभाळते. ट्रक आमच्या कार्यालयाचा. त्याच्या पाठीवरच्या पेटीत पाणी तपासायची उपकरणे बसवलेली आहेत. ती घेऊन मी आणि ड्रायव्हर वस्तीवस्तीला फिरतो. ट्रकचे दुखणे असे, की चाळीसेक मिनिटे चालल्यावर चढ लागला की इंजिनाचा जीव जातो. अर्धा तास उभा ठेवला की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. दाजींनी पहिल्या खेपेला फिल्टर बदलला, दुसऱ्या खेपेला टाकीतली जाळी धुतली, तिसऱ्या खेपेला रबरी नळी बदलली. प्रत्येक वेळी पंप ऐकला आणि पास केला. ही चौथी खेप.

पंपाची काळजी माझी होती, ताईची काळजी वेगळीच होती. सकाळी मी आले तशी ती मला बेअरिंगच्या खोक्यांआड घेऊन गेली.

"दोन वर्षं झाली डॉक्टरांनी कान तपासायला सांगून. आधी म्हणाले थंडी जाऊ दे. मग म्हणाले कामाची गर्दी ओसरू दे. आता म्हणतात, डॉक्टरच म्हातारे झालेत, त्यांना काय कळतंय." तिने आवाज खाली आणला. "एकदाच खरं बोलले. म्हणाले, कान गेले म्हणजे मी गेलो. ऐकून गाडी पास करतो म्हणून लोक येतात. उद्या चिठ्ठीवर लिहून आलं की ऐकू येत नाही, तर कोण येईल?"

"मग मी काय करू?"

"तू शिकलेली आहेस. तुझं ऐकतील."

"ऐकू येत नाही हीच तर तक्रार आहे ना?"

ताईने मला खोक्याच्या झाकणाने एक हलकीशी ठेवून दिली.

आता ती तिथूनच हाक मारत होती. "अहो, चहा ओतलाय!" दाजी बोनेटमध्ये वाकलेले. "अहो, गार होतोय!" दाजी वाकलेलेच. ट्रकच्या पलीकडे आमचा ड्रायव्हर चाकाला टेकून बसला होता. सहा फूट उंच, मवाळ माणूस. आवाज मात्र पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. तो मान न वळवता पुटपुटला, "चहा झालाय म्हणतात."

दाजी लगेच सरळ उभे राहिले. "कुठाय?"

"बघितलंस?" ताई कप आपटत म्हणाली. "चौतीस वर्षांचा संसार, आणि माझी हाक जाते छपराला. ह्याने नुसते ओठ हलवले की स्वारी हजर!"

"तो स्पष्ट बोलतो. तुम्ही दोघी बहिणी पुटपुटता."

"मी पुटपुटते? समोरचे दुकानदार दार लावून घेतात मी बोलायला लागले की!"

सगळे हसले. मीही हसले. हे आमचे जुने, घरचे हसू होते. दाजींना बायकोची हाक ऐकू येत नाही, मेहुणीचा फोन ऐकू येत नाही, पण जेवायला ये म्हणून शेजारचे आजोबा कुजबुजले तरी ऐकू येते. कप तोंडाशी नेता नेता मी थांबले. ताईचा आवाज बारीक. माझा त्याहून बारीक. ड्रायव्हरचा जाड, आजोबांचा जाड, पंपाची घरघर जाड. पंपाची शिट्टी बारीक. प्रयोगशाळेत असे दोन रकाने पडले असते तर मी तासाभरात निष्कर्ष लिहिला असता. इथे दोन वर्षे मी लक्षण नोंदवायचे सोडून त्याच्यावर हसत होते.

पण कानाविषयी तोंड उघडायचे, तर पंपाविषयी पक्की खात्री हवी होती.

"दाजी, दाब मोजायचं मीटर लावूया?"

"लाव बाई. भरव तुझी शाळा."

मीटर मी आणले होते, बसवले त्यांनीच. पंपातून निघणारी नळी त्यांनी न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून सोडवली. डिझेलचे चार थेंबही सांडले नाहीत. इंजिन सुरू केले. काटा ०.८ वर उभा राहिला. ट्रकच्या पुस्तकात ०.७ ते १ लिहिले होते.

"बघ. पास," दाजी म्हणाले.

"अजून गार आहे. चाळीस मिनिटं थांबू."

"चाळीस मिनिटं मीटरकडे बघत बसायचं? तुला पगार कशाचा देतात ते आज कळलं."

मी वही काढली आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. पंचविसाव्या मिनिटाला ०.७. पस्तिसाव्याला ०.५. ड्रायव्हरने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि अडतिसाव्याला काटा ०.२ वर घसरला. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडले.

"फिल्टर चोंदला असणार," दाजी म्हणाले.

"फिल्टर पंपाच्या पुढे आहे, आणि मीटर त्या दोघांच्या मध्ये. पुढे चोंदलं असतं तर इथला दाब वाढला असता, दाजी. हा तर उतरतोय."

 दाजींनी ड्रायव्हरकडे बघितले. "ही लहानपणापासून अशीच. लग्नात हिने माझे बूट लपवले नाहीत. कितव्या नंबरचे आहेत ते विचारून गेली."

"मग टाकीकडून कमी येत असेल," ते पुढे म्हणाले. "थांब."

हे त्यांचे त्यांनाच सुचले, आणि बरोबर सुचले. पंपाची शोषणनळी टाकीतून काढून त्यांनी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडली. म्हणजे टाकी, जाळी आणि लांब नळी, तिघींना एका फटक्यात खटल्यातून बाहेर काढले. पंप आधीच गरम होता. चारच मिनिटांत काटा पुन्हा घसरला, ०.३ वर. मग त्यांनी तारांचे जोड उघडून वीज मोजली. वीज पुरेपूर येत होती.

"आता उरला कोण?" दाजी स्वतःशीच म्हणाले.

"पंप," ड्रायव्हर म्हणाला.

"तुला विचारलंय का कुणी?"

ताईने नवा पंप मांडणीवरून आणून टेबलावर ठेवलासुद्धा. तो केव्हापासून तिच्या हाताशी होता कोण जाणे.

"एवढी घाई नको," दाजी म्हणाले. त्यांनी जुना पंप सोडवला, पुसला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. "मीटर खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. पण चौतीस वर्षं कानाने काम केलंय. दोघांना शेजारी वाजवून बघू. चांगल्या पंपाला भंगारात टाकल्याचं पाप माझ्या माथी नको."

दोन्ही पंपांच्या नळ्या कॅनमध्ये सोडून त्यांनी बॅटरीच्या तारा आधी जुन्याला टेकवल्या.

शिट्टी टेबलावर उघडी पडली. ट्रकखाली असताना ती जणू दूरच्या खोलीत होती. आता ती दातांत शिरली. ताईने डोळे मिटून घेतले, ड्रायव्हरने खांदा कानाशी नेला, आणि मीही तोंड वाकडे केले असणार. दाजी पंपावर वाकून ऐकत होते. त्यांचा चेहरा शांत होता.

त्यांनी मान वर केली आणि आम्हा तिघांना बघितले.

तारा उचलल्या. आमचे चेहरे सुटले. तारा टेकवल्या. ताईचे डोळे पुन्हा मिटले. उचलल्या, टेकवल्या. आता ते पंपाकडे बघतच नव्हते. आमच्या तोंडांकडे बघत होते, मघाशी मी काट्याकडे बघत होते तसे. मग त्यांनी तारा नव्या पंपाला लावल्या. आमच्यातले कुणीच हलले नाही.

"परत," ते स्वतःलाच म्हणाले, आणि पुन्हा जुना लावला. आम्ही पुन्हा तोंडे वाकडी केली. मी न करण्याचा प्रयत्न केला, पण ते जमण्यासारखे नव्हते.

"मला," दाजी तारा खाली ठेवत म्हणाले, "दोन्ही सारखेच वाजतात."

 त्यांनी नवा पंप उचलला आणि ट्रकखाली गेले.

पुढचा पाऊण तास मी पाना दे, वॉशर दे, एवढेच ऐकले. जुने तांब्याचे वॉशर त्यांनी बाजूला फेकले आणि नवे घातले. नळ्यांचे जोड आधी हाताने आवळले, मग पान्याने, आणि प्रत्येक जोडाभोवती एकदा करंगळी फिरवून पाहिली. मग फिल्टरवरचा हातपंप दाबत, बाजूचा स्क्रू सैल करून ते आतली हवा काढत बसले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेलची धार. स्क्रू आवळला. त्या हातांत खोट काढायला कुणाला जागा नव्हती.

"माझ्याशी अबोला आहे की पंपाशी?" ताईने खाली वाकून, चांगल्या मोठ्या आवाजात विचारले.

"पंपाशी. तुझ्याशी कधी जमलंय?"

ताईच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. तेवढ्यात ट्रकखालून प्रश्न आला.

"चढावर बंद पडली, तेव्हा गाडी मागे आली होती का?"

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितले. आम्ही दोघांनी हे त्यांना सांगायचे नाही असे ठरवले होते.

"आली होती," मी म्हणाले.

"किती?"

"अडीच फूट. मग हँडब्रेकने धरलं."

"मोजलंस?"

"मातीवर टायरची खूण होती."

"आणि मागे कोण होतं?"

"एक मोटरसायकल. तिने वेळेवर बाजू घेतली."

दाजी बाहेर आले. कपाळावर काळा पट्टा, पाठीला धूळ. "हे कुठल्या खेपेनंतर? म्हणजे मी कितव्यांदा पंप पास केल्यावर?"

"तिसऱ्या."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही दोघं गाडी मागे घेत होतात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. "प्रयोगशाळेत असंच करतेस? ज्याची विहीर त्याला वाईट वाटेल म्हणून पाणी चांगलं लिहितेस?"

"नाही."

"मग माझ्यावर एवढी मेहेरबानी कशाला?"

 खरे तर ते बरोबर होते.

त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. इंजिन सुरू झाले. या वेळी चाळीस मिनिटे मीटरसमोर दाजी स्वतः बसले, उलट्या बादलीवर, आणि माझी वही त्यांनी मागून घेतली. त्यांचे आकडे माझ्यापेक्षा मोठे आणि तिरके येत होते. ०.८. ०.८. ०.८. मग ट्रक घेऊन ते आणि ड्रायव्हर मागच्या चढावर गेले. तीनदा चढले, तीनदा उतरले, आणि शेवटच्या खेपेला मुद्दाम मधेच थांबवून पुन्हा उचलला. परत आले तेव्हा काटा जिथल्या तिथे होता.

इंजिन चालूच होते. दाजी खाली उतरले आणि चिंधीने एकेक बोट पुसू लागले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग दुसरा हात. ताई मांडणीपाशी खोकी सरळ करत होती, जी आधीच सरळ होती.

"अगं," दाजी म्हणाले.

"काय?"

त्यांनी काहीतरी सांगितले. इंजिनाच्या आवाजात ते मलाही नीट ऐकू आले नाही. ताईला मात्र ऐकू आले असावे, कारण तिच्या हातातले खोके तसेच राहिले. ती सावकाश वळली आणि कानामागे तळहात धरला.

"काय म्हणालात? स्पष्ट बोला जरा. पुटपुटता फार."

ड्रायव्हरने तोंड फिरवले, पण त्याचे खांदे हलत होते.

"ऐकू आलंय तुला," दाजी म्हणाले.

"आलंय. पण दोन वर्षं वाट बघितली आहे. एकदा सगळ्यांसमोर म्हणा."

दाजींनी आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबले. गॅरेजमध्ये एकदम एवढी शांतता झाली, की त्यांना आवाज चढवायची गरज नव्हती. तरी त्यांनी चढवला.

"मंगळवारी गॅरेज बंद राहील," ते म्हणाले. "मी कान तपासून घ्यायला जाणार आहे."