न्हाणीची लेव्हल

"बसा जी इवाई, पाणी गरम हाये. आधी आंघोळ, मंग जेवण," म्हणत जागेश्वररावांनी नवा टॉवेल पुढे केला.

मंगरू मिस्त्री न्हाणीत शिरले. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरात पाहून जागेश्वररावांनी अठ्ठ्याहत्तर साली करवून घेतलेली, आसगावातली ही पहिली टाइल्सची न्हाणी. बांधली मंगरूंनीच. तेव्हा ते या घरचे मिस्त्री होते, चहा ओसरीत मिळायचा. डबा घेऊन येणारी त्यांची लेक गोदा जागेश्वररावांनी सून म्हणून मागितली आणि मिस्त्रीचे इवाई, म्हणजे व्याही झाले. आता पाट आतल्या घरात.

अर्धी बादली अंगावर घेतली, तर पाणी पायाशीच उभं. मोरीच्या तोंडाकडे जायचं नाव नाही. थापी हाती घेण्याआधी मंगरूंचा अर्धा जन्म धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सपाट करण्यात गेलेला. पाणी सगळीकडे सारखं थांबलं की काम झालं, हे हाडात मुरलेलं. न्हाणीही त्यांनी बांधीसारखीच केली होती. वर शाबासकीही घेतली होती.

बाहेर आले तर दाराशी गोदा खराटा घेऊन उभी. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या. बापाकडे न पाहता ती आत गेली आणि पाणी लोटू लागली.

"पोरगी गुणाची हाये," भात वाढता वाढता व्याहीण आनंदाबाई म्हणाल्या, "पर पानी लय सांडते जी. भिंत ओली झाली, पल्याड ढोलीत साठवलेला धान बुरसला. माहेरी दारात नदी होती का?"

सगळे हसले. मंगरूंचा घास हातातच राहिला.

"तिची चूक नाही जी. मीच फरशीले ढाळ नाही देला."

"घ्या! बाप लेकीचा आळ आपल्यावर घेऊन राहिला!" जागेश्वररावांनी मांडीवर थाप मारली. "अख्खं गाव फरशीवर काचेचा कंचा ठेवून पाहून गेलं. जागचा हलत नाही!"

"तेच त चुकलं. थापी द्या मले. उखडून नवी करतो."

हसणं थांबलं. "इवायाच्या हाती थापी? लोक शेण घालतील आमच्या तोंडात."

"मंग दुसरा मिस्त्री लावा."

"तुमच्या कामावर दुसऱ्याचा हात? तुमची बेअब्रू आमी करू का?"

दोन्ही घरांची अब्रू अशी शाबूत राहिली. आनंदाबाईंनी आणखी भात वाढला. पाहुण्याने पानात टाकायचं नसतं, मंगरूंनी खाल्लं.

निघताना गोदा पाया पडायला वाकली. तिचे हात अजून ओलेच होते. मंगरूंनी पाय मागे घेतले.