सराट्यांची गोधडी

सराटा पायात घुसला की माणूस शिव्या घालतो. कमरुन्निसा आणि गिरिजाबाई मात्र वर्षभर त्याचीच वाट बघायच्या. जाफराबादजवळच्या मुरमाड माळावर ही काटेरी वेल उन्हात पसरायची, दसऱ्यानंतर तिचे काटे वाळून कडक व्हायचे आणि औषधाचा व्यापारी ते पोत्यांनी न्यायचा. गोळा करायची रीत सोपी होती. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी माळावर अंथरायची, एकेक टोक एकेकीनं धरायचं आणि ओढत न्यायची. सराटे आपसूक चिकटायचे. मग समोरासमोर बसून ते झाडायचे आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढायची. खरं सांगायचं तर दोघींचा जीव या दुसऱ्या कामातच जास्त रमायचा.

गिरिजाबाई लेकाकडे चाकणला राहायला गेली, तेव्हा एसटीत चढताना म्हणाली होती, "सराटे पिकले की फोन कर. मी येते." कमरुन्निसाचा नवरा नजीर वारून बरीच वर्षं झालेली, लेक नाहिद सासरी. त्या एका वाक्यावर तिनं दिवस काढले.

पण माळाचंच काही खरं राहिलं नव्हतं. अलीकडे पाऊस महिनाभर दडी मारायचा, मग एका दिवसात सगळा कोसळायचा आणि दिवाळी आली तरी हटायचा नाही. एके काळच्या कोरड्या माळावर कमरेएवढं गाजरगवत माजलं. सराट्याला ऊन लागतं. तो गवताच्या सावलीत पिवळा पडून कुजायचा. गेल्या साली फोन करण्यासारखं काही नव्हतंच. यंदा कमरुन्निसा गोधडी खांद्यावर टाकून एकटीच गेली. एक टोक तिनं धरलं, दुसरं मागं फरफटत आलं. उलटून बघितलं, तर चिखल आणि गवताचं बी.

ती तिथंच दगडावर बसली आणि तिनं फोन लावला. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती घाईनं बोलली. "गिरजे, पिकले. लई पिकले. जल्दी ये."

पलीकडून गिरिजाबाई म्हणाली, "कमरू, माझे गुडघे गेले गं. जिना उतरवत न्हाई मला. आता दुसरी कोणी घे जोडीला."

"बराबर हाय," कमरुन्निसा म्हणाली.

गिरिजाबाईनं मग सुनेचं, नातवाचं सगळं सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, इथल्या दुकानातल्या सराट्यांवर भरवसा नाही, आपल्या माळाचे मूठभर पाठव, काढा पिऊन सूज तरी उतरेल. कमरुन्निसानं हो म्हटलं. एवढं पिकल्यावर नाही कसं म्हणणार?

ऊन कलेपर्यंत तिनं माळ पालथा घातला. हाती काही लागलं नाही. घरी येऊन गोधडी धुतली आणि पिळताना बोटात कचकन काटा घुसला. शिवणीच्या आत, थरांमध्ये, जुने सराटे अडकून बसले होते. ती अंगणात बसून टाके उसवत गेली. तिच्या टोकाला फारसे निघाले नाहीत. गिरिजाबाईच्या टोकाला मात्र ओळीनं निघत गेले. ती बाई आपलं टोक कधी नीट झाडायची नाही, आणि त्यावरून दरसाल दोघींचं वाजायचं.

मूठ भरली. दुसऱ्या दिवशी तिनं ते सराटे पुडीत बांधून चाकणला पोचवायला एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ दिले. घरी येऊन टाके पुन्हा घातले आणि गोधडी अंगणात उन्हाला पसरली. पूर्वी काट्यांच्या भीतीनं तिच्यावर टेकायची कुणाची छाती नव्हती. कमरुन्निसा तिच्यावर आडवी झाली. या कुशीवरून त्या कुशीवर झाली. कुठंच काही टोचलं नाही, तशी ती रडायला लागली. का रडतेस म्हणून विचारायला अंगणात कुणी नव्हतं.