आठ गं आठ

माझी भाची यांगझोम लोसरच्या, म्हणजे आमच्या तिबेटी नववर्षाच्या, सुट्टीत घरी आली ती गुबगुबीत गालांची, स्वच्छ नखांची आणि मुकी होऊन. म्हणजे बोलायची, पण चिनी. दोन वर्षांपूर्वी गावची शाळा बंद करून सगळ्या पोरांना तालुक्याच्या वसतिशाळेत नेलं, तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि एवढी बडबडी, की माझी बहीण बुट्री तिच्या तोंडात मुद्दाम सुकं चीज कोंबायची. आता बुट्री विचारायची, "भूक लागली का गं?" आणि पोर नुसती मान हलवायची.

"सगळं समजतं तिला," बुट्री म्हणाली.

"समजतं आपल्या कुत्र्यालाही," मी म्हणालो.

दिवसभर बुट्री माझ्याशी बोलली नाही. माझी जीभच मेली तशी.

पूर्वी हिवाळ्यात मठातले भिक्षू पोरांना अक्षरं शिकवत. मागच्या वर्षी मठाच्या दारावर नोटीस लागली: सुट्टीत वर्ग नाहीत, मठातही नाहीत नि घरातही नाहीत. मी काही गुरुजी नव्हे. मला दोनच गोष्टी येतात, बूट शिवणं आणि शो खेळणं. चामड्याच्या गादीभोवती कवड्यांची वाट मांडायची, लाकडी वाटीत दोन फासे खुळखुळवायचे, हव्या त्या आकड्याला आरोळी देऊन बोलवायचं आणि वाटी धाडकन उपडी घालायची. मुक्यानं टाकलेलं दान पडत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

एका दुपारी मी नि शेजारचे दोघं-तिघं अंगणात खेळत होतो. मी ओरडलो, "आठ गं आठ, याकाची पाठ, बस गं कवडी, धर वाट!" आठच पडले. मागून यांगझोमनं चिनीत काहीतरी विचारलं.

"फासे म्हातारे आहेत गं," मी म्हणालो. "त्यांना चिनी येत नाही."

तिनं वाटी हिसकावली, गप्पच आपटली. तीन. पुन्हा आपटली. पुन्हा तीन! फुरंगटून भिंतीला टेकून बसली, पण गेली नाही. उन्हं उतरली तेव्हा हळूच आवाज आला, "आठ गं आठ... याकाची..."

"पाठ."

"याकाचीच का?" तिनं विचारलं, आणि तेही आमच्या भाषेत. "घोड्याची का नाही?"

जन्मभर खेळतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "घोडा पाडतो," मी काहीतरी ठोकून दिलं.

मग तिला थांबवणं कठीण झालं. पाचाच्या आरोळीत मेंढी का? बाराला राजा का? तिच्या मागोमाग इतर पोरं आली. चावट आरोळ्या गिळताना माझी पुरेवाट झाली.

गावप्रमुख तोप्ग्यालच्या कानावर हे जाणारच होतं. तो फाटकात येऊन उभा राहिला. "वर्ग चालवतोस म्हणे?"

"जुगार चालवतो. सुक्या चीजचा."

"जुगारालाही दंड असतो."

"मग तोच लावा."

पोरं माझ्यामागे सरकली. त्यात त्याचा स्वतःचा मुलगाही होता. तोप्ग्यालनं फाशांकडे पाहिलं. "बाराची आरोळी आमच्या घरी वेगळी होती," तो म्हणाला. "बाबा म्हणायचे."

"म्हणा की मग. शिकतील पोरं."

"आठवत नाही," तो म्हणाला आणि निघून गेला. मुलाला तिथंच ठेवून गेला.

सुट्टी संपली, बस आली, पोर गेली. मी स्वतःला सांगितलं, ये रे माझ्या मागल्या. रविवारी शाळेतून फोन यायचा, बुट्री नि मी तो स्पीकरवर ऐकायचो. वॉर्डनबाई शेजारी उभ्या असल्यानं बोलणं चिनीतच. बुट्रीला अर्धं कळायचं, तरी ती प्रत्येक वाक्याला हो म्हणायची.

तिसऱ्या रविवारी फोनमधून धाडकन आवाज आला. पत्र्याचा मग टेबलावर आपटावा तसा.

"मामा," यांगझोम कुजबुजली. "तुझी पाळी."

मागे पोरी खिदळत होत्या.

"अगं, फासे कुठून आणलेस?"

"कणकेचे केले. लवकर बोल ना! बाई पाणी आणायला गेल्यात."

मी एवढ्यानं ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, "आठ गं आठ!"

"याकाची पाठ!" पलीकडून आलं. किती पोरी होत्या कोण जाणे.

आणि फोन तुटला.

"बस गं कवडी," बुट्री म्हणाली, आणि रडायला लागली.