पांढरा गर

मास्तरिणीनं मायेनं पाणी घातलं आणि तिथंच घोळ झाला. तिचा नवरा, टेलरमास्तर, तीन आठवडे दवाखान्यात. शुगरनं आधी अंगठा गेला, मग पाऊल काळं पडलं. त्यांच्या माघारी गच्चीतल्या कुंड्या सुकू नयेत म्हणून ही माउली रोज मगभर पाणी घालत होती. निवडुंगांना! आता काय म्हणावं हिला?

तिला त्या काट्यांचं कौतुक कधीच नव्हतं. मास्तर एकेक कुंडी फिरवून दाखवायचे. "हे बघ, अस्सल दाभण. ही काज करायची सुई. हा गळ, बोट अडकलं की सुटका नाही. आणि ह्याला काटाच नाही, नुसते पाच कंगोरे. कटिंग बघ देवाचं!"

"माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलंत?"

"तुझे काटे लांबूनच दिसतात गं."

पण या तीन आठवड्यांत घर खायला उठलं, तशी तीही कुंड्यांपाशी बसू लागली. पांढऱ्या केसांच्या निवडुंगात, मास्तरांच्या लाडक्या 'म्हाताऱ्या'त, लपलेले पिवळे काटे तिला पहिल्यांदाच दिसले. किती देखणा होता मेला!

आज सकाळी तोच म्हातारा, मास्तरांनी बावीस वर्षं वाढवलेला, बुडाशी मऊ लागला. आणि आजच डॉक्टर म्हणाले होते, दुपारच्या आत गुडघ्याखाली पाय कापायचा, नाहीतर विष अंगभर पसरेल. मास्तर सही करेनात. पाय गेला तर शिलाई मशीन कोण चालवणार, मेलो तरी चालेल, हा एकच हेका.

तिनं रडतच फोन लावला. "अहो, म्हातारा कुजला. माझ्याच हातानं!"

"रडू नकोस!" मास्तर ओरडले. "सुरी घे. बुडापासून चकती काप. मधे काय दिसतंय?"

"तपकिरी ठिपका."

"अजून वर काप. दयामाया नको. एक ठिपका राहिला तरी सगळा जाईल. पांढरा गर लागेपर्यंत काप. नुसता शेंडा उरला तरी मुळं फुटतात त्याला."

 तिचा हात थबकला.

"ऐकलंत ना, काय बोललात ते?" ती हळूच म्हणाली.

"तू काप."

ती कापत राहिली. दोन चकत्या, चार, सात. बोटांत काटे घुसले, म्हाताऱ्याचे केस रक्तानं चिकटले. दर वेळी मधे तोच ठिपका. शेवटी लिंबाएवढा शेंडा हातात उरला. तोही तपकिरी.

"लागला का पांढरा?" मास्तरांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

तिनं शेंडा मुठीत दाबला. "लागला. पांढराशुभ्र आहे हो. आता तुम्ही सही करा."

 मास्तर फोनपासून लांब कुणाला तरी म्हणाले, "सिस्टर, तो कागद आणा."

फोन बंद झाला तशी तिनं मूठ उघडली. आतल्या शेंड्याचा चिखल झाला होता. "खोटं बोलले रे देवा," ती हुंदका देत म्हणाली, "पण त्यांचा पाय असा वरपर्यंत कुजलेला निघू देऊ नकोस." मग हात धुतले आणि दवाखान्यात जायला पायांत चपला सरकवल्या.