खरं नाव सांगा

“मावशी, माझी मूळव्याध गावभर कुणी केली, तेवढं सांगा!”

केसपेपरच्या खिडकीतून एक गृहस्थ अर्धे आत आले होते. मागे रांग कसली, नुसता घोळका. जो तो हातातला मोबाइल खिडकीसमोर नाचवत होता. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमधली सगळी माहिती चोरट्यांनी पळवली होती, खंडणी मागितली होती, आणि ती मिळेना म्हटल्यावर सगळंच्या सगळं उघड्यावर टाकून दिलं होतं. नाव टाका, आजार बघा. इतकं सोपं, की ज्यांना एरवी विजेचं बिल भरायला शेजाऱ्याचा मुलगा लागतो, तेही धडाधड बघत होते. कुणाचं दारू सोडवायचं औषध, कुणाचा गर्भपात, कुणाचं आणखी काही. बायकोला इतकी वर्षं जे ठाऊक नव्हतं, ते आज सकाळी चहाबरोबर कळलं होतं.

खिडकीच्या आत थोरली बसली होती. घरात ती थोरली जाऊ, इथे सगळ्यांची मावशी. चोरटे कुठल्या मुलखात बसलेत, काळे की गोरे, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांच्या हाताशी सापडली ती ही एक खिडकी, आणि खिडकीत ही.

“दादा, मी नाही हो केली. चोरी झालीय.”

“मग कुलूप नव्हतं का लावलं?”

“लावलं होतं म्हणे.”

“म्हणे!” गृहस्थांनी मागे वळून घोळक्याला साक्षीला घेतलं. “ऐकलंत? म्हणे!”

साहेबांनी भिंतीवर एक सूचना चिकटवली होती आणि स्वतः दार लावून बसले होते. घाबरून जाऊ नये, पासवर्ड बदलावा. एका म्हाताऱ्याने ती चष्मा पुसून दोनदा वाचली आणि खिडकीशी येऊन विचारलं, “बाई, किडनीचा पासवर्ड कसा बदलतात हो?” घोळका हसला. तेवढ्यापुरताच हसला.

मूळव्याधवाले गृहस्थ दमून बाकावर बसले होते. दोन मिनिटं चोरट्यांच्या नावाने बोटं मोडून झाल्यावर त्यांचं बोट मोबाइलवर फिरायला लागलं. “अरेच्चा! ह्यांना पण?” ते पुटपुटले आणि पुढे वाचत गेले. थोरलीने ते पाहिलं आणि तिचा अस्सा संताप झाला. पण ती काय बोलणार? सगळेच तेच करत होते. शिव्या द्यायच्या आणि बघायचं.

मग एक तुळतुळीत दाढी केलेला माणूस हसत पुढे आला. जणू लॉटरी लागली होती.

“मावशी, ओळखलंत? तुम्ही तेव्हा किती खोदून खोदून विचारलंत, हेच खरं नाव का म्हणून. मी दाद दिली नाही. ठोकून दिलं एक नाव! आज बघा, सगळं गाव उघडं आणि मी शाबूत!”

त्याच्या शेजारी तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई उभी होती. ती हळूच म्हणाली, “मी खरं दिलं होतं. मावशी म्हणाल्या म्हणून.”

ना शिवी, ना आरडाओरडा. एवढंच बोलून ती बाई घोळक्यातून वाट काढत निघून गेली. थोरलीने मान खाली घातली.

कारण ते अक्षरशः खरं होतं. ह्या खिडकीत बसून थोरलीने जन्मभर एकच काम केलं असेल, तर ते लोकांकडून खरं नाव काढून घ्यायचं. खोटं नाव तिला बरोब्बर कळायचं. असं नाव पुकारलं की माणूस लगेच उठत नाही. आधी इकडेतिकडे बघतो, मग त्याला आठवतं की अरे, हे तर आपणच. थोरली त्याला खिडकीशी बोलवायची, पुढे वाकायची आणि हलक्या आवाजात सांगायची, “बाळा, खोटं नाव दिलंस तर तुझी जुनी औषधं डॉक्टरांना दिसणार नाहीत. तुझ्याच जिवाला धोका. खरं सांग. ह्या खिडकीबाहेर जाणार नाही, माझा शब्द.” एकदा एका बाईने बहिणीच्या नावावर केसपेपर काढला होता. तिला न चालणारं इंजेक्शन तिच्या स्वतःच्या नावावर लिहून ठेवलेलं होतं, ते कुणाला दिसलंच नाही. बाई मरता मरता वाचली. तेव्हापासून तर थोरली खऱ्या नावासाठी हट्टालाच पेटायची. आणि लोक सांगायचे. तिच्या तोंडाकडे बघून सांगायचे.

आणि असंच तिने धाकटीलाही सांगायला लावलं होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, मिळून एक ट्रक चालवायचे. ते सदा रस्त्यावर, घरात ह्या दोघी. थोरलीला मूल नव्हतं. धाकटीला मुलगी झाली तेव्हा दोघींनीही ती आपापलीच असल्यासारखी मिरवली. दुडकत चालायला लागल्यावर थोरलीनेच तिचं नाव ठमी पाडलं. पण त्याआधीचे काही महिने फार वाईट गेले. बाळंतपणानंतर धाकटी गप्प गप्प झाली. जेवायची नाही, झोपायची नाही. एका दुपारी तिने बाळ थोरलीच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून लांब उभी राहिली.

“ताई, मला हिच्याजवळ एकटीला ठेवू नका.”

“का गं? काय झालं?”

“माझ्या मनात काहीतरी घाण येतं. हिचं काहीतरी करून टाकावंसं वाटतं. मला नको आहे ते, ताई. पण येतं.”

थोरलीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. पण बाई खमकी. दात दाखवायला नेते असं नवऱ्यांना फोनवर सांगून दुसऱ्या दिवशी ती धाकटीला इथे घेऊन आली. ह्याच खिडकीत धाकटीने खालमानेने शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीचं नाव सांगितलं होतं. थोरलीने ते लिहून घेतलं नाही. “तुझा आजार, तुझं औषध, तुझंच नाव. आणि आत गेल्यावर डॉक्टरांना मनातलं सगळं सांग, एक शब्द गिळायचा नाही. जबाबदारी माझी.” धाकटीने ऐकलं. सगळं सांगितलं. औषधांनी बरी झाली, पूर्वीपेक्षाही हसरी झाली, आणि पुढे ठमीला तिने फुलासारखं वाढवलं. ठमी आता नववीत होती, आईपेक्षा उंच. घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुपारी घोळका थोडा पांगला, तेव्हा थोरलीने शिपायाला हाक मारली. “तुमच्या मोबाइलवर एक नाव बघायचंय.”

“कुणाचं, मावशी?”

“द्या इकडे. मी टाकते.”

नाव टाकलं आणि धाकटी लगेच सापडली. घरचा पत्ता, फोन नंबर, आणि त्याखाली डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं: ‘तान्ह्या मुलीला संपवून टाकावं असे विचार वारंवार येतात, असं रुग्ण सांगते.’ थोरली खाली खाली वाचत गेली. बऱ्याच पानांनंतर ‘पूर्ण बरी’ असंही होतं. पण तिथपर्यंत वाचत कोण जातंय!

ती तडक कॉम्प्युटरवाल्याच्या खोलीत गेली. तो बिचारा सकाळपासून उपाशी, तारांच्या गुंत्यात बसलेला.

“एक ओळ पुसता येईल का हो? एकच.”

“आपल्याकडची येईल, मावशी. पण ती लोकांच्या मोबाइलमध्ये गेलीय ना. तिथून कशी पुसू?”

“काहीच नाही करता येत?”

“काहीच नाही.” त्याने मान वरही केली नाही. “माझ्या आईचंही आहे त्यात.”

थोरली पर्स उचलून घरी निघाली. साहेबांना सांगितलंसुद्धा नाही. ठमी शाळेतून यायच्या आत घर गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. गाठून करणार काय, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

धाकटी कपड्यांना इस्त्री करत होती. ठमीचा शाळेचा शर्ट. थोरलीने आत येताच इस्त्रीचं बटण बंद केलं आणि सांगून टाकलं. धाकटीने शर्टाची कॉलर हाताने सरळ केली. मग पुन्हा केली.

“नाव माझंच आहे ना त्यात?”

“हो.”

“मी तेव्हा दुसरं सांगत होते.”

“माहीत आहे गं मला.” थोरलीला एकदम रडू फुटलं. “मार मला. काहीतरी बोल तरी!”

“काय बोलू? खोटं नाव दिलं असतं तर आतही खोटंच बोलले असते. आणि मग काय झालं असतं, देव जाणे.” धाकटी मटकन खाली बसली. “ताई, ठमी वाचेल का हो?”

“वाचू द्यायचंच नाही. वायफाय काढून टाकू. मोबाइल बिघडलाय म्हणून दुरुस्तीला टाकू.”

“आणि शाळेतल्या पोरींचे मोबाइल?”

थोरली तिच्या शेजारी जमिनीवर बसली.  धाकटी म्हणाली, “मीच सांगते तिला. माझ्या तोंडून कळू दे.” ती उठली, तोंड धुतलं, केस नीट केले, एखाद्या परीक्षेला निघाल्यासारखी. आरशासमोर उभी राहून तिने काहीतरी पुटपुटून पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

पण सांगायची वेळ आलीच नाही. ठमी आली, चपला काढल्या, रोजच्यासारखं “आई, भूक!” म्हणून ओरडली नाही. आईकडे एकदा बघितलं. नुसतं बघितलं. खोलीत गेली आणि आतून कडी घातली. ते दार आजवर कधी कुणी आतून लावलं नव्हतं. कडी गंजलेली होती, बसवायला तिला बराच जोर लावावा लागला. बाहेर दोघींना तो आवाज ऐकू येत राहिला.

“ठमे,” धाकटी दाराशी गेली. “बाळा, मला बोलायचंय.”

“तू नको. काकूला पाठव.”

धाकटी बाजूला झाली. आतून कडी निघाली आणि थोरली आत गेली. ठमी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. वर्गातल्या एकीने मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं, सगळ्यांना गोळा करून.

“काकू, तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तरी तू मला तिच्याजवळ ठेवलंस?”

 थोरली ठमीजवळ बसली. “अगं, ती स्वतः म्हणाली, मला एकटीला ठेवू नका म्हणून. तुझी काळजी होती म्हणूनच म्हणाली ना? तो आजार होता, राणी. ताप येतो तसा. बरी झाली ती. पुढे लिहिलंय तसं, वाचलंस का?”

“वाचलं. सगळं वाचलं.”

“मग?”

“मला कळतंय गं, काकू. आजार होता, कळतंय.” ठमीने डोळे बाहीला पुसले. “पण वाटलं होतं ना तिला?”

थोरलीने तिला जवळ घेतलं. बाहेर दाराशी धाकटी उभी होती हे तिला माहीत होतं. सगळं ऐकू जातंय हेही माहीत होतं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर कुठल्या तोंडाने? ती नुसती ठमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी भाऊजींचा, ठमीच्या बाबांचा, फोन येऊन गेला. कुठल्याशा ढाब्यावर त्यांना दुसऱ्या ड्रायव्हरने दाखवलं होतं. धाकटी फक्त “हो” आणि “तेव्हा” एवढंच बोलली. शेजारची एकजण साखर मागायला आली आणि साखर न घेताच परत गेली. डोळे भरून बघून गेली तेवढं.

जेवायला ठमी आली नाही. थोरलीने खूप समजावल्यावर ओट्याजवळच्या टेबलाशी येऊन बसली. धाकटीने दूध तापवलं, साखर घातली, ढवळलं आणि ग्लास तिच्यासमोर ठेवला. ठमीने हात पुढे केला आणि तो ग्लासाच्या अलीकडेच थांबला. क्षणभरच थांबला असेल. तिला स्वतःलाही ते कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम लाल झाला. ती रडवेली होऊन म्हणाली, “तसं नाही, आई…”

 धाकटीने ग्लास उचलला, एक घोट घेतला, गिळला, कड बोटाने पुसली आणि ग्लास परत लेकीसमोर ठेवला. मग बेसिनकडे वळून भांडी घासायला लागली. थोरलीला वाटलं उठावं, तो ग्लास उचलून भिंतीवर फेकावा. ती जागची हलली नाही.

ठमीला कुणाचं उष्टं चालत नसे, आईचंसुद्धा. तिने ग्लास दोन्ही हातांत धरला आणि सगळं दूध प्यायली.

सकाळी थोरली कामावर निघायच्या गडबडीत होती. खिडकी उघडायलाच हवी होती, तिथे घोळका असणारच होता. ठमी दप्तर भरत होती. धाकटीने कपात दूध ओतलं, ओट्याशी उभ्या उभ्या आधी एक घोट स्वतः घेतला आणि मग कप लेकीपुढे ठेवला. ठमी खालमानेने दूध प्यायली आणि शाळेला गेली.