मोहरीएवढं भोक

सिद्धीने बाटली संपवली, मोठ्या माणसासारखा ढेकर दिला आणि आईच्या खांद्यावर लाळेचा गोल डाग उमटवून ती झोपून गेली. उल्काने तिला पाळण्यात ठेवलं, अंगावर दुपटं घातलं आणि बाटली विसळायला मोरीपाशी आली. काठावर ओढून बसवलेलं रबरी निपल काढलं, सवयीने काठावरून बोट फिरवलं, आणि बोट अडलं.

काठाचा टवका उडाला होता.

फार मोठा नव्हे. तांदळाच्या कणीएवढा. पण उडालेला टवका कुठेतरी असायला हवा. मोरीत नव्हता, ओट्यावर नव्हता, तिच्या साडीवरही नव्हता. निपल उलटं करून तिने तळहातावर झटकलं. दुधाचे दोन थेंब पडले. बाकी काही नाही.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. काच बाहेर नाही, म्हणजे आत गेली. आत म्हणजे साडेचार महिन्यांच्या त्या एवढ्याशा पोटात.

‘निपलच्या भोकातून काच कशी जाईल?’ ती स्वतःलाच म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं. काल दुपारी तिने स्वतःच्या हाताने ते भोक मोठं केलं होतं. सिद्धी ओढून ओढून घामाघूम व्हायची, अर्ध्यातच बाटली झिडकारून रडायची. दर वेळी तेच. शेवटी उल्काने शिवणाची सुई गॅसवर लाल केली आणि रबरात खुपसली. चर्र झालं, जळका वास आला. आज पोरीने दहा मिनिटांत बाटली रिकामी केली, तेव्हा उल्का स्वतःवर इतकी खूश झाली होती की आईला पत्रात लिहायचं तिने ठरवून टाकलं होतं.

तिने मसाल्याचा डबा पुढे ओढला. खसखशीचा दाणा निपलमध्ये टाकला, तो लगेच खाली. मोहरीचा टाकला. रबर चिमटीत जरा दाबलं आणि मोहरी टपकन ओट्यावर पडली.

ती त्या काळ्या दाण्याकडे बघतच राहिली. सुई तर बारीक होती! एवढं भोक आपण पाडलं?

उल्काचं अंगावरचं दूध आटल्यावर बाटलीवरून या घरात महिनाभर रामायण झालं होतं. तिचा नवरा अवधूत बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बघायचा. त्याने कारखान्यात बनलेल्या सहा बाटल्या आणल्या होत्या, कशा, तर एखाद्याने बागेतले पहिले आंबे आणावेत तशा. उल्काने त्या उकळल्या आणि नाक मुरडलं. “वास येतो.”

“नव्याला येतो. दोनदा उकळ, जाईल.”

“चारदा उकळल्या. आणि बघ, कशा धुरकट झाल्या. ते सगळं दुधात उतरत असेल.”

“काच फुटली की मग मला सांग.”

“काच फुटली तर दिसते तरी. तुझ्या प्लास्टिकचं काय दिसतंय?”

फुटली तर दिसते! आपलंच वाक्य तिला आता चटका लावून गेलं. त्याच संध्याकाळी ती जयनगरच्या शॉपिंग कॉम्प्लेक्समधून ही काचेची बाटली घेऊन आली होती, जिंकल्यासारखी.

तिने सिद्धीला उठवलं. तोंड उघडून बोटाने हिरड्या चाचपल्या, जिभेखाली पाहिलं. झोपमोड झालेली पोर किंचाळायला लागली, आणि उल्काला कळेना, हे रडणं रोजचं की दुखण्याचं? साडेचार महिने ती हे रडणं ऐकत होती. भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं, सगळं तिला ओळखू यायचं. आता एकही ओळखू येईना. पोरीला छातीशी धरून ती अनवाणीच जिना उतरली.

खाली घरमालकीण वीणाक्का राहायच्या. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं इकडे कन्नड मुलखात आलं, तेव्हापासून त्यांच्या मराठीत कन्नड मुरलं होतं. उल्का कामावर रुजू झाली की सिद्धीला त्याच सांभाळणार होत्या. दार उघडून त्यांनी आधी उल्काचे पाय पाहिले, मग चेहरा.

“अय्यो! काय गं हे अवतार? पोर का अशी ओरडतेय?”

“अक्का, हिने काच गिळली.”

“गिळताना पाहिलीस?”

“नाही, पण बाटलीचा टवका...”

“पाहिली नाहीस ना? मग तोंडाने बोलू नकोस तसं. पोर इकडे दे. तू स्वल्प पाणी पी.” पाणी त्यांनी काचेच्या पेल्याऐवजी स्टीलच्या लोट्यातून दिलं, आणि उल्काला तेवढ्यानेही भरून आलं. सिद्धीला खांद्यावर घेऊन अक्का नेसत्या साडीवरच निघाल्या. रिक्षा बघायला शेजारच्या मुलाला हाक मारण्यापुरत्याही त्या थांबल्या नाहीत. स्वतःच फाटकाबाहेर जाऊन हात करून उभ्या राहिल्या. “चल. गुरुप्रसाद डॉक्टर अजून असतील दवाखान्यात. चप्पल घाल माझी.”

डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला, पोट दाबलं, कानाला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

“तोंडात कुठे कापलेलं नाही. दूध नीट प्याली?”

“सगळं प्याली. नेहमीपेक्षा जास्तच.”

“मग गेली नसेलही. गेली असली तर एवढा बारीक तुकडा बहुतेक वेळा आपणहून बाहेर पडतो. तीन दिवस शी बघायची. रक्त दिसलं, उलटी झाली, पोट फुगलं, तर विचारत बसायचं नाही, उचलून आणायचं.”

“तीन दिवस?” तिला वाटलं, डॉक्टर तीन वर्षं म्हणाले.

उठता उठता तिने विचारलं, “डॉक्टर, काचेची घ्यायला हवी होती की प्लास्टिकची?”

ते हसले, पण टिंगल केल्यासारखे नाही. “माझ्याकडे येणारी प्रत्येक आई हे विचारते. बाटली कशाला? वाटी-चमचा नाही तुमच्या घरात?”

घरी आल्यावर अक्कांच्या फोनवरून तिने अवधूतच्या कारखान्यात फोन लावला. ऑपरेटरने त्याला शोधून आणेपर्यंत ती वायर बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती. काय म्हणेल तो? ‘मी म्हणालो होतो’ म्हणेल. म्हणू दे.

तिने सगळं एका दमात सांगितलं. तो ते म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला निदान रागावता तरी आलं असतं.

“भोक केवढं आहे?” त्याने विचारलं.

“मोहरी जाते.”

पलीकडे त्याने आवाज खाली आणला. मग तो म्हणाला, “उल्का, परवा मी पण सुई घातली होती त्यात.”

“काय?”

“तू अंघोळीला गेली होतीस. ती रडत होती. म्हटलं, जरासं मोठं करू.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू म्हणाली असतीस, कारखान्यातले उद्योग घरात नकोत.”

ती तसंच म्हणाली असती, शब्दन्‌शब्द. एकाच पोरीचं रडणं ऐकून दोघांनी एकाच भोकात, एकमेकांना चोरून, सुई घातली होती. उल्काला हसू आलं, आणि त्या हसण्याचं मध्येच रडं झालं.

“येतोय मी,” तो म्हणाला.

अवधूत दुपारी आला तो शर्टाच्या खिशात भिंग घेऊनच. साच्यावरचे ओरखडे तपासायचं ते भिंग होतं. आल्या आल्या त्याने ओट्याचा इंच न्‌ इंच पाहिला, मोरीची जाळी काढली, केर उपसला. वीणाक्का सिद्धीला मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या.

“बाटली उकळतेस तेव्हा पातेल्यात खाली काय घालतेस गं?” त्यांनी एकदम विचारलं.

“जुन्या धोतराचा तुकडा. बाटली तळाला आपटू नये म्हणून.”

“ते कुठाय?”

उल्का आणि अवधूत, दोघंही गच्चीकडे धावले. तुकडा दोरीवर वाळत होता. सकाळी तिनेच पिळून टाकला होता. आता तिने तो दोरीवरच दोन्ही हातांनी चाचपत नेला, घडी न्‌ घडी, आणि किनारीपाशी बोटाला काहीतरी टोचलं. रक्ताचा बारीक थेंब आला. आयुष्यात कधी रक्त बघून तिला इतका आनंद झाला नव्हता.

“सापडला!”

म्हणजे टवका दूध भरण्याआधीच, उकळताना उडाला होता. अवधूतने चिमट्याने तो उचलला, बाटलीच्या काठाला लावला आणि भिंग डोळ्याला लावलं. उल्का त्याच्या तोंडाकडे बघत होती. हा माणूस दिवसभर कारखान्यात हेच करतो. नीट बसलेला साचा बघताना त्याचा चेहरा कसा सैल होतो, हे तिला ठाऊक होतं. चेहरा सैल झाला नाही.

“बसला ना?”

“बसला.”

“सगळा?”

त्याने भिंग खाली ठेवलं. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. लग्नाआधी बघायला आला होता तेव्हा पोह्यांत मीठ कमी आहे, असं तोंडावर सांगून गेला होता.

“एक कोपरा कमी आहे,” तो म्हणाला. “खसखशीएवढा. पातेल्यातल्या पाण्याबरोबर मोरीत गेला असणार.”

“असणार,” उल्का म्हणाली.

कापड त्यांनी पुन्हा तपासलं, मग झटकलं, मग कागदावर झटकलं. कोपरा मिळाला नाही. आणि तेवढ्यात सिद्धीला भूक लागली.

ओट्यावर एका बाजूला टवका उडालेली काचेची बाटली, दुसऱ्या बाजूला अवधूतच्या सहा धुरकट बाटल्या. उल्काचा हात कशालाच लागेना. तिला सगळ्याचीच भीती वाटत होती: काचेची, प्लास्टिकची, रबराची, सुईची, स्वतःच्या हुशारीची.

अक्का खाली जाऊन आल्या. त्यांच्या हातात चांदीचं, पणतीसारखं, पुढे लांब चोच असलेलं भांडं होतं. “हे आमचं ओळले. माझी तिन्ही पोरं यावर वाढली.”

“हे तर बोंडलं!” उल्का म्हणाली. तिच्या आईने अगदी असंच बारशाला दिलं होतं. हिने ते कपाटात ठेवून दिलं होतं, साडीच्या घडीखाली, जुनाट म्हणून.

“नाव काही ठेव. उकळून आणलंय. घे, बस.”

उल्काने आधी त्याच्या काठावरून बोट फिरवलं. आतून, बाहेरून, चोचीच्या टोकापर्यंत. मग सिद्धीला आडवं धरून दुधाची बारीक धार ओठाशी सोडली. पहिली धार गालावरून ओघळली. दुसरी पोरीने आश्चर्याने गिळली. उल्का प्रत्येक घोटाबरोबर तिचा गळा वर-खाली होताना बघत होती. घोट गेला. पुढचा गेला. दुखलं नाही वाटतं. पुढचा.

“सरी, सरी, असंच,” अक्का पुटपुटत होत्या, पोरीला की आईला कोण जाणे.

पुढचे तीन दिवस उल्का लंगोट गच्चीवरच्या उन्हात नेऊन उलगडत होती. दुसऱ्या दिवशी काहीतरी चमकलं, तिने वाकून बोट लावलं. तो पाण्याचा थेंब होता. अवधूत रोज दुपारी अक्कांकडे फोन करायचा आणि एकच शब्द विचारायचा, “झाली?” अक्का फोन ठेवून म्हणायच्या, “तुझ्या नवऱ्याला शीशिवाय बोलायला काही नाही.”

रक्त दिसलं नाही. पोट फुगलं नाही. चौथ्या दिवशी सिद्धी पहिल्यांदाच पालथी पडली आणि आपण काय केलं ते न कळून जोरात हसली. डॉक्टरांनीही पुन्हा तपासून, आता विसरा, असं सांगितलं.

सोमवारी उल्काची रजा संपली. जाताना तिने आईने दिलेलं बोंडलं अक्कांच्या हातात ठेवलं. काचेची बाटली अवधूतने जाड कागदात गुंडाळून टाकून दिली होती, आणि त्याच्या सहा बाटल्या तो मुकाट्याने परत घेऊन गेला होता.

काचेचा तो कोपरा काही सापडला नाही.

ऑफिसात अकरा वाजता चहा आला. शेजारची वेदिका म्हणाली, “काय गं, बाळ कसंय?” उल्का म्हणाली, “मजेत.” बोलता बोलता तिचं बोट चहाच्या पेल्याच्या काठावरून सावकाश फिरत होतं. चहा निवेपर्यंत ते थांबलं नाही.