लाल चिठ्ठीची क्रियापदं

गेजकाकूंचा हात लागल्याशिवाय नटांचा एकही खोका कारखान्याबाहेर पडत नसे. नट मापाच्या गेजवर नीट बसला तर पास, नाहीतर लाल चिठ्ठी. एकवीस वर्षं हाच खाक्या. पण स्पॅनिश बोलणारा परदेशी ग्राहक मालाचं कौतुक करू लागला, की व्यवस्थापक छाती काढून दुभाष्याला सांगत, "आमची टीम बघते ते." ती टीम मागे स्टुलावर बसून चष्मा पुसत असे.

पुढच्या खेपेला 'हे मी करते' एवढं त्याच्याच भाषेत सांगायचंच, असं काकूंनी ठरवलं. सून स्पॅनिशच्या शिकवण्या घ्यायची, म्हणजे गुरू घरातच.

"आब्लार म्हणजे बोलणं, मी बोलते म्हणजे आब्लो. हे सरळ आहे," काकू म्हणाल्या. "पण आसेर म्हणजे करणं, त्याचं आगो? साबेर म्हणजे माहीत असणं, त्याचं नुसतं से? बाद माल आहे हा."

"आई, काही क्रियापदं 'मी' म्हटलं की वाकडी होतात."

"तुझ्या नवऱ्यासारखी."

"तो माल तुमच्याच हाताखालून पास झालाय," सून म्हणाली.

काकूंनी वहीत अशा बारा शब्दांना लाल चिठ्ठ्या चिकटवल्या आणि महिनाभर नट तपासता तपासता ते घोकले.

ग्राहक आला तो कपाळाला आठ्या घालूनच. काकूंनी तीस खोकी अडवल्यामुळे माल पंधरा दिवस उशिरा पोचला होता. "ऐनवेळी माल अडवतं कोण?" दुभाष्याने त्याचा प्रश्न सांगितला. व्यवस्थापकांना आज टीम आठवेना. ते छताकडे बघू लागले. आता 'मी' म्हणायचं म्हणजे कदाचित नोकरीवर पाणी सोडायचं. तरी काकू उठल्या.

"यो. लो आगो यो." मी. मी करते हे.

ग्राहकाने दुभाष्याला हातानेच थांबवलं आणि थेट काकूंना सावकाश, सोप्या शब्दांत विचारलं, खात्री आहे?

"लो से." मला माहीत आहे.

पुरावा?

"तेंगो." आहे माझ्याकडे. त्यांनी अडवलेल्या खोक्यातला लाल चिठ्ठीचा नट आणि गेज त्याच्या हातात ठेवलं.

नट गेजवर डुगडुगला. ग्राहकाने तो तीनदा फिरवून पाहिला, खिशात टाकला आणि सांगितलं, यापुढे प्रत्येक खोक्यावर या बाईंची सही हवी.

"आमच्या टीममध्ये—" व्यवस्थापक सुरू झाले. दुभाष्याने तेवढ्याचं भाषांतर केलं नाही.

घरी येऊन काकूंनी वहीतल्या तीन चिठ्ठ्या काढल्या.

"बाकीच्या नऊ?" सुनेने विचारलं.

"वापरून बघितल्याशिवाय मी काही पास करत नाही," काकू म्हणाल्या. "घे पुढचा धडा."